डोक्यामागे कॉइल, डोळ्यांपुढे चमक : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

डोक्यावर तारेची कॉइल धरायची, तिच्यातून क्षणभर प्रचंड विद्युतप्रवाह सोडायचा (अशा एका झटक्याला पल्स म्हणतात) आणि कवटी न उघडता मेंदूतल्या पेशी जाग्या करायच्या, या तंत्राला ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, थोडक्यात टीएमएस म्हणतात. ही कॉइल डोक्याच्या मागच्या बाजूला, व्हिज्युअल कॉर्टेक्सवर, म्हणजे मेंदूच्या दृष्टी सांभाळणाऱ्या भागावर धरली की अनेकांना डोळे मिटलेले असतानाही प्रकाशाची चमक दिसते. या चमकेला फॉस्फीन म्हणतात. ती दिसायला किमान किती ताकद लागते, म्हणजे तिचा उंबरठा किती, यावरून दृष्टीच्या कॉर्टेक्सची उत्तेजनशीलता मोजली जाते. या विषयावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे देत आहोत.

प्रश्न : एमआरआयच्या यंत्रात माणूस अर्धा तास जोरदार चुंबकात पडून असतो, तरी त्याला कसली चमक दिसत नाही. मग टीएमएसच्या एका टिचकीने प्रकाश कसा दिसतो? — एक जिज्ञासू वाचक

एमआरआयचे मुख्य क्षेत्र 1.5 किंवा 3 टेस्ला असते, पण ते स्थिर असते. टीएमएसच्या कॉइलचे क्षेत्रही साधारण 1.5 ते 2 टेस्लापर्यंतच जाते. फरक आहे तो वेगाचा. हे क्षेत्र शून्यापासून शिखरापर्यंत सुमारे 0.1 मिलिसेकंदात चढते आणि तितक्याच झपाट्याने उतरते. फॅरडेने 1831 मध्ये दाखवले त्याप्रमाणे विद्युतक्षेत्र निर्माण होते ते चुंबकीय क्षेत्र बदलल्याने, ते नुसते असल्याने नाही. मेंदूच्या पृष्ठभागाशी हे विद्युतक्षेत्र दर मीटरला 100 व्होल्टच्या घरात जाते आणि तेवढ्याने चेतापेशींचे तंतू पेटतात. म्हणजे मेंदूला उत्तेजित करते ती वीजच. चुंबकत्वाचे काम इतकेच, की ती वीज कवटीच्या पलीकडे वेदनेशिवाय पोहोचवायची. त्वचेवर इलेक्ट्रोड लावून तीच वीज द्यायची म्हटली तर कवटीचा विरोध ओलांडताना डोक्याची कातडी चांगलीच पोळल्यासारखी होते.

यात एक ऐतिहासिक गुंता आहे, तो सोडवून घेणे बरे. 1896 मध्ये फ्रान्समध्ये द'आर्सोनव्हालने आणि 1910 मध्ये इंग्लंडमध्ये सिल्व्हेनस थॉम्पसनने मोठ्या कॉइलमध्ये डोके घालून चमक दिसल्याची नोंद केली होती. ती चमक मेंदूतली नव्हती. प्रत्यावर्ती क्षेत्राने डोळ्यातला दृष्टिपटलच उत्तेजित होत होता. मेंदूवर काम करणारे आजच्या धर्तीचे यंत्र 1985 मध्ये शेफिल्डमध्ये अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी दाखवले आणि तेही आधी हाताच्या स्नायूंची हालचाल घडवून. आजही एखाद्याने चमक दिसली म्हटले की पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो : ही डोळ्यातली की कॉर्टेक्समधली? त्याची परीक्षा पुढच्या उत्तरात दिली आहे.

प्रश्न : फॉस्फीनचा उंबरठा नेमका कसा मोजतात? आमच्या प्रयोगशाळेत हात हलवण्याचा, म्हणजे मोटर उंबरठा मोजायची सवय आहे. तीच पद्धत इथे चालेल का? — एम.एस्सी. (न्यूरोसायन्स), दुसरे वर्ष

सांगाडा तोच, पण एक मोठा फरक लक्षात ठेवा. मोटर उंबरठ्यात उत्तर स्नायू देतो आणि ते पडद्यावर मायक्रोव्होल्टमध्ये दिसते. इथे उत्तर माणूस देतो. त्यामुळे निम्मी मेहनत कॉइलवर घ्यायची आणि निम्मी प्रश्न विचारण्यावर.

आधी जागा ठरवा. डोक्याच्या मागे मध्यरेषेवर हाताला लागणारा हाडाचा उंचवटा म्हणजे इनियन. तिथून 2 सेंटिमीटर वर आणि बाजूला 1 ते 2 सेंटिमीटर, हा शोधाचा आरंभबिंदू. डोक्यावर घट्ट बसणारी पातळ टोपी घाला आणि तिच्यावर 1 सेंटिमीटर अंतराने बिंदूंची जाळी आखा. इंग्रजी आठच्या आकाराची, दर पाकळीला सुमारे 70 मिलिमीटर व्यासाची कॉइल घ्या. तिचा मधला सांधा बिंदूवर टेकवा आणि कॉइल डोक्याच्या कातडीला स्पर्शिकेसारखी सपाट बसली आहे ना, ते दोन्ही बाजूंनी वाकून पाहा. कडेने एक बोट जाईल एवढी फट राहिली तरी मोजमाप गेलेच म्हणून समजा. कॉइलच्या मुठीची, म्हणजे दांड्याची दिशाही लिहून ठेवा. व्हिज्युअल कॉर्टेक्सवर मेंदूतला प्रवाह बाहेरून मध्यरेषेकडे जात असेल तेव्हा उंबरठा सर्वांत कमी येतो, आणि एकाच दिशेच्या, म्हणजे मोनोफेजिक पल्समध्ये हा फरक ठळकपणे दिसतो.

माणसाला खुर्चीत बसवून हनुवटी टेकवायला आधार द्या, कानात बोळे द्या आणि डोळे मिटून वर पट्टी बांधा. खोली अंधारी असावी आणि पहिल्या पल्सपूर्वी प्रत्येकाला सारखाच वेळ, समजा दहा मिनिटे, अंधारात थांबवा. हा वेळ सैल सोडू नका. अंधारात राहिल्याने व्हिज्युअल कॉर्टेक्सची उत्तेजनशीलता स्वतःच वाढते आणि 2000 सालच्या प्रयोगांत हा बदल 45 मिनिटांत दिसला होता. एकाला दहा मिनिटे आणि दुसऱ्याला पाऊण तास पट्टी बांधून बसवले, तर तुम्ही माणसांतला फरक मोजत नसून पट्टीचा परिणाम मोजत असता.

सुरुवात यंत्राच्या कमाल क्षमतेच्या 60 टक्क्यांवर करा. दोन पल्समध्ये किमान 5 सेकंद जाऊ द्या. पहिल्या पाच-सहा पल्स फक्त ओळख म्हणून द्या, कारण कॉइलचा टक् आवाज, डोक्याला बसलेली टिचकी आणि मानेच्या स्नायूचा झटका यांनी माणूस बिचकतो आणि त्या गडबडीत चमक निसटते. ‘दिसली ना?’ असे कधीच विचारू नका. ‘काही दिसले की नाही दिसले?’ एवढेच विचारा. दिसले तर कागदावर काढून दाखवायला सांगा : नजरेच्या मध्यापासून कोणत्या बाजूला, केवढे, कशा आकाराचे. बहुतेकांना रंगहीन किंवा पांढुरका, पाचरीसारखा किंवा ढगासारखा तुकडा क्षणभर दिसतो आणि बऱ्याचदा तो नजरेच्या खालच्या भागात असतो.

आता वर सांगितलेली परीक्षा. कॉइल डावीकडे असताना फॉस्फीन नजरेच्या उजव्या अर्ध्यात दिसला पाहिजे आणि कॉइल उजवीकडे नेली की तो डावीकडे गेला पाहिजे. दृष्टिपटलावरची चमक अशी बाजू बदलत नाही. दुसरी तपासणी म्हणजे मिटल्या डोळ्यांनीच नजर डावीकडे-उजवीकडे फिरवायला सांगणे. खरा फॉस्फीन नजरेबरोबर सरकतो. जो माणूस अंदाजाने ‘दिसले’ म्हणत असतो, त्याचे या दोन परीक्षांत बहुधा काहीच जुळत नाही.

जागा पक्की झाली की ताकद आधी 5 टक्क्यांच्या पायरीने आणि उंबरठ्याजवळ 1 ते 2 टक्क्यांच्या पायरीने कमी करत जा. दहा पल्सपैकी पाचदा फॉस्फीन दिसेल ती सर्वांत कमी ताकद म्हणजे उंबरठा. मध्येमध्ये कॉइल 90 अंशांत उभी करून फसव्या पल्स द्या. अशा पल्सवरही एखादा वारंवार ‘दिसले’ म्हणत असेल, तर त्याचा उंबरठा काढायच्या फंदात पडू नका. ‘नक्की नाही, पण वाटले’ या उत्तराची गणना कशात करायची, हे पहिल्या पल्सच्या आधी ठरवून लिहून ठेवा. आमचा सल्ला : शंका म्हणजे नाही. हातात वेळ असेल तर पाच-सहा ताकदी उलटसुलट क्रमाने देऊन वक्र बसवा किंवा बेझियन पद्धतीने, म्हणजे आधीच्या उत्तरांवरून अंदाज सुधारत, संगणकालाच पुढची ताकद निवडू द्या. त्यात चालवणाऱ्याच्या अपेक्षेला जागा राहत नाही.

आणि शेवटी आलेला आकडा, समजा 64, म्हणजे उत्तेजनशीलता नव्हे. तो तुमच्या यंत्राच्या कमाल क्षमतेचा टक्का आहे. त्यात कॉइल, कवटीची जाडी, केस, माणसाची जागरूकता आणि त्याचा ‘दिसले’ म्हणण्याचा स्वभाव असे सगळे मिसळलेले असते. त्याच माणसावर, त्याच यंत्राने, त्याच तऱ्हेने घेतलेल्या दोन मोजण्यांतला फरक बोलका असतो. दोन प्रयोगशाळांचे टक्के शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही.

प्रश्न : मग वेळ वाचवायला मोटर उंबरठ्यावरूनच ताकद ठरवली तर? — याच वाचकाचा पुढचा प्रश्न

नको. 2001 मध्ये स्ट्युअर्ट, वॉल्श आणि रॉथवेल यांनी एकाच माणसांत दोन्ही उंबरठे मोजले. त्यांच्यात काही संबंध आढळला नाही. ज्याचा हात कमी ताकदीत हलतो, त्याला फॉस्फीनही कमी ताकदीत दिसेल असे नाही. मोटर उंबरठ्याच्या अमुक टक्क्यांवर व्हिज्युअल कॉर्टेक्सला पल्स दिल्या, असे लिहिलेला अहवाल वाचताना हे ध्यानात ठेवा. तिथे कोणाला जास्त डोस मिळाला आणि कोणाला कमी, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

प्रश्न : एका अभ्यासात स्वयंसेवक म्हणून गेलो होतो. यंत्र शंभर टक्क्यांपर्यंत चढवले, तरी मला काहीच दिसले नाही. माझ्या दृष्टिकेंद्रात दोष आहे का? — एक वाचक

नाही. निरोगी माणसांपैकी बऱ्याच जणांना एकेरी पल्सवर फॉस्फीन दिसत नाही. मुख्य कारण शरीररचनेचे आहे. प्राथमिक व्हिज्युअल कॉर्टेक्सचा मोठा भाग कॅल्केराइन नावाच्या खोल घडीत, मेंदूच्या दोन अर्धगोलांच्या मधल्या भिंतीवर दडलेला असतो. कॉइलचा उपयुक्त परिणाम 2 ते 3 सेंटिमीटर खोलीपर्यंतच असतो. ही घडी प्रत्येकाची वेगळी वळलेली असते. कोणाची टोकाशी पृष्ठभागावर उघडते, तर कोणाची आतच राहते. त्यात कवटी जाड असली की आणखी भर. मोटर कॉर्टेक्सवर, म्हणजे हालचाली सांभाळणाऱ्या भागावर, 2005 मध्ये झालेल्या मोजणीत डोक्याची कातडी आणि कॉर्टेक्स यांच्यातले अंतर 1 मिलिमीटरने वाढले की साधारण 3 टक्के जास्त ताकद लागत होती. म्हणजे कॉइलखाली केसांचा दोन मिलिमीटरचा थर आला तरी उंबरठा पाच-सहा टक्क्यांनी सरकतो.

प्रयोग घेणाऱ्यांना अशा वेळी तीन गोष्टी करता येतात. जाळीवरचे सगळे बिंदू आणि किमान दोन-तीन मुठीच्या दिशा तपासल्याशिवाय ‘दिसत नाही’ अशी नोंद करू नये. एकेरीऐवजी काही मिलिसेकंदांच्या अंतराने जोड पल्स द्याव्या, त्यांनी फॉस्फीन सोपे होतात. आणि अजिबात न दिसणाऱ्यांना सरासरीतून गुपचूप वगळू नये, त्यांची संख्या निकालात लिहावी. उंबरठ्याची सरासरी काढताना फक्त दिसणाऱ्यांचीच काढली, तर तो गट आपोआप जास्त उत्तेजनशील माणसांचा होतो.

प्रश्न : पुस्तकात वाचले की 1 हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला एक पल्स दिल्याने, कॉर्टेक्स शांत होतो आणि 10 हर्ट्झने उत्तेजित होतो. आम्ही 12 जणांवर 1 हर्ट्झ दिले. सहा जणांचा उंबरठा वाढला, चौघांचा कमी झाला, दोघांचा तसाच राहिला. कुठे चुकले? — संशोधक विद्यार्थी

चुकलेच असेल असे नाही. तो नियम सरासरीचा आहे. 2000 मध्ये बोरोजर्दी आणि सहकाऱ्यांनी व्हिज्युअल कॉर्टेक्सवर 15 मिनिटे 1 हर्ट्झ, म्हणजे 900 पल्स दिल्या. फॉस्फीनचा उंबरठा वाढला, म्हणजेच उत्तेजनशीलता घटली. थीटा-बर्स्ट या जलद पद्धतीत 50 हर्ट्झच्या तीन पल्सचा झुबका दर 200 मिलिसेकंदांनी देतात. सलग 40 सेकंद दिले की 600 पल्स होतात आणि परिणाम शांत करण्याच्या बाजूला झुकतो. 2 सेकंद देऊन 8 सेकंद थांबत त्याच 600 पल्स सुमारे 190 सेकंदांत दिल्या, तर मोटर कॉर्टेक्समध्ये उत्तेजना वाढते. व्हिज्युअल कॉर्टेक्समध्ये मात्र 2006 च्या अभ्यासात सलग पद्धतीने उंबरठा वाढला, पण थांबत-थांबत दिलेल्या पद्धतीने काही फरक पडला नाही. मोटर कॉर्टेक्सवर शिकलेला नियम मागच्या बाजूला जसाच्या तसा लागू होत नाही, याचे हे सरळ उदाहरण.

तुमच्या विखुरलेल्या निकालामागे बहुधा कॉर्टेक्सची त्या क्षणाची अवस्था आहे. तीच पल्स जागृत, सज्ज पेशींवर एक परिणाम करते आणि थकलेल्या, दबलेल्या पेशींवर वेगळा. याचा सुंदर पुरावा रंगाच्या प्रयोगातून मिळाला : माणसाला बराच वेळ एकच रंग दाखवला आणि मग पल्स दिली, तर एरवी रंगहीन असणारा फॉस्फीन त्या पाहिलेल्या रंगाचा दिसू लागतो. म्हणजे ज्या पेशी पाहून-पाहून दबल्या होत्या, त्यांनाच पल्सने अधिक उचलले. ईईजीतही, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींच्या नोंदीतही, अवस्थेचा परिणाम दिसतो. पल्सच्या आधी डोक्याच्या मागच्या भागातली 8 ते 12 हर्ट्झची अल्फा लय कमी असेल तर फॉस्फीन दिसण्याची शक्यता वाढते, जोरात असेल तर घटते. डोळे मिटून, पट्टी बांधून, कंटाळवाण्या पंधरा मिनिटांनंतर माणूस डुलकीच्या वाटेवर असतो. तेव्हा वाढलेला उंबरठा 1 हर्ट्झमुळे आला की झोपेमुळे, हे कसे ओळखणार?

म्हणून पुढील फेरीत असे करा. प्रत्येक माणसावर दोन भेटी ठेवा, एक खरी आणि एक फसवी, मध्ये किमान काही दिवस जाऊ द्या आणि क्रम निम्म्यांत उलटा ठेवा. फसव्या भेटीत माणूस तेवढाच वेळ, तसाच, त्याच अंधारात बसला पाहिजे. उंबरठा पल्सआधी एकदा नव्हे, दोनदा घ्या. त्या दोन मोजण्यांतच जर 4 टक्क्यांची तफावत असेल, तर नंतरच्या 3 टक्क्यांच्या बदलाला अर्थ नाही. नंतरची मोजणी ठरलेल्या मिनिटालाच घ्या, कारण परिणाम मिनिटांत ओसरतो. मोजणाऱ्याला आज खरी भेट आहे की फसवी, हे कळू देऊ नका. 900 पल्सच्या फेरीत कॉइल तापते आणि साधारण 40 अंश सेल्सियसच्या आसपास यंत्र स्वतःच थांबते. मधेच फेरी तुटली तर ती भेट रद्द करा, उरलेल्या पल्स नंतर देऊन भागवू नका. पंधरा मिनिटे हाताने धरलेली कॉइल सरकतेच, तेव्हा स्टँड वापरा आणि दर तीन-चार मिनिटांनी टोपीवरची खूण पाहा.

औषधांची चौकशी बारकाईने करा. अंधारात बसल्याने वाढणारी उत्तेजनशीलता लोराझेपाम या चिंता कमी करणाऱ्या औषधाने रोखता येते, हे प्रयोगाने दाखवलेले आहे. खोकल्याच्या औषधांत असणाऱ्या डेक्स्ट्रोमेथॉर्फनचाही तसाच परिणाम नोंदला गेला आहे. खोकल्याचे औषध घेऊन आलेला स्वयंसेवक तुमच्या नोंदवहीत निरोगीच दिसतो. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

बारा जण, तिन्ही दिशांना गेलेले निकाल आणि नियंत्रण भेट नाही, यातून सध्या एवढेच म्हणता येते की तुमच्या मोजणीत हेलकावा मोठा आहे.

प्रश्न : मला ऑरासह मायग्रेन आहे. डोळ्यांपुढे नागमोडी, चकाकणाऱ्या रेषा येतात आणि मग डोके दुखू लागते. माझा व्हिज्युअल कॉर्टेक्स जास्त उत्तेजनशील आहे म्हणून असे होते का? आणि डोक्यामागे धरायच्या यंत्राचा उपयोग होतो का? — एक वाचक

तुम्हाला दिसणाऱ्या रेषा डोळ्यात नसतात, कॉर्टेक्सवरून सरकणाऱ्या एका लाटेमुळे दिसतात. 1941 मध्ये लॅशलीने स्वतःच्या ऑराच्या नोंदींवरून हिशेब केला, की कॉर्टेक्सवर काहीतरी मिनिटाला सुमारे 3 मिलिमीटर वेगाने पुढे जात असावे. 1944 मध्ये लिआओने प्राण्यांच्या मेंदूत तितक्याच संथ गतीने पसरणारी, पेशींना आधी चेतवून मग गप्प करणारी लाट शोधली. ऑरामागे हीच लाट असते, असे आज मानतात.

तुमच्या पहिल्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणे सोपे आहे, पण ते पूर्ण खरे होणार नाही. 1998 च्या एका अभ्यासात ऑरा असलेल्या रुग्णांना कमी ताकदीत आणि जास्त प्रमाणात फॉस्फीन दिसले. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाला मात्र उलट चित्र मिळाले. कोणाचा शेवटचा झटका केव्हा येऊन गेला होता, कोणती कॉइल वापरली, यांवर निकाल हलतो. त्याहून विचारात घ्यावी अशी गोष्ट 2002 मध्ये समोर आली : निरोगी माणसांत उंबरठा वाढवणाऱ्या 1 हर्ट्झने ऑराच्या रुग्णांत तो उलट कमी केला. त्यावरून आमचे मत असे, की इथे ‘जास्त उत्तेजनशील’ या शब्दापेक्षा ‘आवर घालणारी यंत्रणा कमकुवत’ हे वर्णन अधिक जवळचे आहे.

यंत्राबद्दल. दोन्ही हातांनी डोक्याच्या मागच्या भागावर धरायचे एकेरी पल्सचे उपकरण 2010 मध्ये ऑरासह मायग्रेनच्या 201 रुग्णांच्या चाचणीत वापरले गेले. ऑरा सुरू झाल्यावर 30 सेकंदांच्या अंतराने दोन पल्स द्यायच्या होत्या. दोन तासांनी वेदनामुक्त होणाऱ्यांचे प्रमाण खऱ्या यंत्राने 39 टक्के आणि फसव्या यंत्राने 22 टक्के होते. डिसेंबर 2013 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने ऑरासह मायग्रेनच्या वेदनेसाठी अशा उपकरणाला परवानगी दिली. म्हणजे परिणाम खरा आहे, पण दर पाच जणांतल्या तिघांना दोन तासांत पूर्ण आराम पडला नाही, हेही त्याच आकड्यांत आहे. अपस्माराचा इतिहास, पेसमेकर, डोक्यात किंवा मानेत धातूचे काही बसवलेले असेल तर हे उपकरण वापरू नये. न्यूरॉलॉजिस्टने निदान पक्के केल्याशिवाय तर नाहीच, कारण नव्याने सुरू झालेली डोळ्यांपुढची चमक दर वेळी मायग्रेनचीच असते असे नाही.

प्रश्न : माझ्या भावाची दृष्टी दृष्टिपटलाच्या आजाराने पूर्ण गेली आहे. मेंदू शाबूत आहे, तर टीएमएसने त्याला दिसू शकेल का? — एक वाचक

चमक कदाचित दिसेल, दृष्टी मिळणार नाही. 2000 मध्ये काउई आणि वॉल्श यांनी डोळ्यांच्या आजाराने पूर्ण अंध झालेल्या एका माणसाला टीएमएसने फॉस्फीन दिसतात, हे दाखवले. मात्र नंतर अधिक रुग्ण तपासले तेव्हा थोडी दृष्टी शिल्लक असलेल्यांत फॉस्फीन बरेच आढळले आणि पूर्ण अंध असलेल्यांत थोड्यांनाच. म्हणजे डोळ्यांकडून काही न येता वर्षे गेली की कॉर्टेक्सही बदलतो.

चित्र का दाखवता येत नाही, तेही सांगतो. एक पल्स कॉर्टेक्सचा मोठा, काही सेंटिमीटर रुंद भाग एकदम चेतवते, त्यातून एकच अस्पष्ट तुकडा दिसतो. अक्षर वाचायला असे शेकडो बारीक ठिपके एकाच वेळी, जागच्या जागी हवेत. ते काम कॉर्टेक्सवर ठेवलेल्या इलेक्ट्रोडचे आहे. 1968 मध्ये ब्रिंडली आणि लेविन यांनी एका अंध स्त्रीच्या मेंदूवर 80 इलेक्ट्रोड बसवून त्या दिशेने पहिले पाऊल टाकले होते. भावाला संशोधनात भाग घ्यायचा असेल तर जरूर घ्यावा, पण उपचार म्हणून कोणी टीएमएस विकत असेल तर पैसे देऊ नका.

प्रश्न : पल्सने उलट दिसणे बंदही करता येते असे वाचले. त्यासाठी वेळ किती अचूक लागते? — प्रयोगशाळा सहायक

1989 मध्ये अमॅसियन आणि सहकाऱ्यांनी तीन अक्षरे क्षणभर दाखवली आणि त्यानंतर वेगवेगळ्या अंतराने पल्स दिली. 80 ते 100 मिलिसेकंदांनी पल्स आली की अक्षरे पुसट व्हायची किंवा दिसायचीच नाहीत. 40 च्या आत किंवा 140 च्या पुढे दिली तर ती नीट वाचता यायची. उत्तेजनशीलता मोजण्याचा हा दुसरा मार्ग आहे आणि ज्यांना फॉस्फीन दिसत नाहीत त्यांच्यावरही तो चालतो.

अचूकता बिघडते ती बहुतेक वेळा पडद्यामुळे. 60 हर्ट्झच्या पडद्याची एक फ्रेम 16.7 मिलिसेकंदांची असते. वरची ओळ उमटते त्यानंतर साधारण 8 मिलिसेकंदांनी मध्यभागाची ओळ उमटते आणि एलसीडीचा स्वतःचा उशीर त्यावर वेगळा. संगणकाने ‘आत्ता दाखवले’ म्हटलेल्या क्षणावर विश्वास ठेवू नका. अक्षर जिथे येणार त्या जागी फोटोडायोड चिकटवा, त्याचा सिग्नल आणि यंत्राचा ट्रिगर दोन्ही ऑसिलोस्कोपवर एकत्र पाहा आणि शंभरेक वेळा मोजून उशीर सरासरीसह फैलावही लिहा. ठरावीक उशीर वजा करता येतो, डगमगणारा नाही.

दुसरा घोळ पापण्यांचा. पल्सच्या आवाजाने आणि टिचकीने डोळा मिचकावला जातो. पल्स अक्षराच्या आधी दिलेल्या फेऱ्यांत अक्षर मिटलेल्या पापणीमागे जाते आणि तुम्हाला वाटते की कॉर्टेक्स दडपला. डोळ्याभोवती इलेक्ट्रोड लावून मिचकावणे नोंदवा आणि डोक्याच्या माथ्यावर, व्हर्टेक्सला, त्याच वेळांना पल्स देऊन तुलना करा. आवाज तोच, टिचकी तीच, फक्त कॉर्टेक्स वेगळा.

प्रश्न : यूट्यूबवर पाहून घरी टीएमएसची कॉइल बनवता येईल का? — बारावी विज्ञान

नाही. यंत्रातला कपॅसिटर हजार व्होल्टच्या वर भारलेला असतो आणि कॉइलमधून क्षणभर हजारो अँपिअर जातात. यंत्र बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहू शकतो. त्या प्रवाहाने कॉइलच्या तारांवर इतका जोर येतो की त्या भक्कम जखडलेल्या नसतील तर आवरण फुटते, आणि ते डोक्याला टेकवलेले असते. फॅरडेचा नियम पाहायचा असेल तर बॅटरी, कॉइल आणि गॅल्व्हानोमीटर घेऊन बघा.

प्रश्न : पुढच्या आठवड्यात फॉस्फीनच्या अभ्यासात भाग घेणार आहे. जाण्याआधी काय काळजी घ्यावी? — एक वाचक

आदल्या रात्री पुरेशी झोप घ्या. अपुऱ्या झोपेने फिट येण्याचा, एरवी फारच थोडा असलेला धोका वाढतो आणि त्या दिवसाचा उंबरठाही भरवशाचा राहत नाही. चहा-कॉफी रोजच्याइतकीच घ्या, त्या दिवशी मुद्दाम वाढवू किंवा सोडू नका. मद्य टाळा. चष्मा, कर्णफुले, केसांच्या पिना आणि श्रवणयंत्र काढून ठेवावे लागेल. कॉक्लिअर इम्प्लांट किंवा डोक्यात धातूची क्लिप असेल, पूर्वी कधी फिट आली असेल, गर्भधारणेची शक्यता असेल किंवा कोणतेही औषध चालू असेल, तर आधीच कळवा. सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय निकष 1998, 2009 आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. प्रयोग घेणारे त्यातली प्रश्नावली भरून घेतात का, ते पाहा. कानातले बोळे मागून घ्या, कारण कॉइलचा टक् आवाज 100 डेसिबलच्या वर जाऊ शकतो. नंतर मान किंवा डोके थोडे दुखले तर ते सहसा मागच्या स्नायूंच्या झटक्यांमुळे असते आणि काही तासांत थांबते. मधेच नको वाटले तर थांबवायला सांगा, कारण द्यावे लागत नाही.